वजन उतरवणं सोपं, उतरलेलं टिकवणं अवघड: चाळिशीनंतर काय, कसं आणि किती

माझ्याकडे वजनाची एक वही आहे. ती चाळली की कळतं, मी आयुष्यात एकूण सत्तावीस किलो उतरवले आहेत. म्हणजे तेच ते नऊ किलो, तीनदा. अडतिसाव्या वर्षी, चव्वेचाळिसाव्या आणि एक्कावन्नाव्या. पहिल्या दोन वेळी ते परत आले तेव्हा मी जिभेला दोष देऊन मोकळा झालो. तिसऱ्या वेळी अडीच महिन्यांत नऊ किलो गेले, भेटेल तो ‘वा वा’ म्हणाला, आणि एका संध्याकाळी जमिनीवर बसून कपाटाचा खालचा खण आवरल्यावर मला उठताच येईना. एक हात गुडघ्यावर, दुसरा कपाटाच्या कडेला, असा कसाबसा उठलो. अंगावरून नऊ किलो ओझं उतरलं होतं आणि तरी उठणं आधीपेक्षा जड झालं होतं.

त्या नऊ किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. पुढचं सगळं त्या प्रश्नातून निघालं आहे. काट्यावरचा आकडा कमी करणं हे काही महिन्यांचं काम आहे. चरबी घालवून स्नायू राखणं आणि मग वर्षानुवर्षं तिथेच राहणं, हे वेगळं काम आहे. त्याची तयारी पहिल्या दिवसापासूनच करावी लागते, वजन उतरून झाल्यावर नाही.

वय वाढतं तेव्हा नक्की काय बिघडतं

‘चाळिशीनंतर चयापचय मंदावतो’ हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते खरंच वाटतं. संशोधक हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांची मोजमापं एकत्र केली. त्यांत आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळे होते. शरीराचा आकार आणि चरबी वगळून उरणारं वजन हिशेबात धरलं तर विशीपासून साठीपर्यंत रोजचा ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर असतो, असं त्यांत दिसलं. साठीनंतर तो वर्षाला साधारण ०.७ टक्क्यानं घटतो. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी सुटलेल्या पोटाचं खापर चयापचयावर फोडता येत नाही. मला हे वाचून थोडं वाईटच वाटलं, कारण ती सबब फार सोयीची होती.

मग बदलतं काय? एक म्हणजे स्नायू. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंपेक्षाही लवकर उतरते. दुसरं, हालचाल. ती इतकी हळू कमी होते की आपल्याला पत्ता लागत नाही. जिन्याऐवजी लिफ्ट, उभ्यानं करायची कामं बसून, एका फेरीत जमणारं काम दुसऱ्यावर सोपवलेलं. तिसरं, बायकांच्या बाबतीत रजोनिवृत्ती. त्या काळात वजन फारसं न वाढताही चरबी मांड्या-नितंबांकडून पोटाकडे सरकते. चौथं, झोप विस्कटते आणि औषधांची संख्या वाढते.

आता वजन परत येण्याचं कारण. चरबी कमी झाली की रक्तातलं लेप्टिन हे तृप्ती कळवणारं संप्रेरक घटतं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा बदल वजन उतरल्यानंतर एक वर्षानंही कायम होता. संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटानं अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो गेले होते, त्यांतले ४१ परत आले होते. तरीही त्यांची शरीरं विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती. ही टोकाची माणसं, टोकाचे उपाय. तुमच्या-माझ्या बाबतीत आकडे बरेच सौम्य असतात. दिशा मात्र तीच. वजन परत येतं तेव्हा मन कमकुवत पडलेलं असतंच असं नाही. शरीर दुष्काळातून वाचल्यासारखं वागत असतं.

पहिली पायरी: मोजा, आणि डॉक्टरांना विचारा

सुरुवातीला तीन आकडे लिहून काढा. वजन, कंबर आणि खुर्ची.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, रोज त्याच काट्यावर. कंबर मोजताना पट्ट्याच्या जागी टेप लावू नका. पट्टा ढेरीखाली गेलेला असतो आणि आकडा खोटा येतो. शेवटची बरगडी आणि कुल्ह्याच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत न ओढता वाचा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा साधा निकष. १६६ सेंटिमीटर उंचीला ८३. पोटाच्या आतली, यकृताभोवतीची चरबी मधुमेह आणि हृदयविकाराला जास्त कारण होते, आणि तिचा अंदाज काट्यापेक्षा टेप बरा देतो.

तिसरा आकडा खुर्चीचा. हात नसलेली, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर फुली मारून. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून पूर्ण बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ आणि बाईला १२ पेक्षा कमी जमत असेल तर पायांची ताकद सरासरीखाली आहे. पुढच्या सगळ्या महिन्यांत हा आकडा खाली जाता कामा नये. वजन उतरतंय आणि हा आकडाही उतरतोय, याचा अर्थ स्नायू चाललेत.

मग डॉक्टर. थायरॉइड, साखर, रक्तदाब, मूत्रपिंड यांच्या तपासण्या करून घ्या, आणि जाताना औषधांची यादी नव्हे, औषधंच पिशवीत घालून न्या. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, नैराश्यावरची काही औषधं, काही बीटा-ब्लॉकर (रक्तदाबाची, हृदयाची औषधं) यांनी वजन वाढू शकतं. कधीकधी पर्याय असतो. आपल्या मनानं मात्र काही बंद करायचं नाही. उलटी बाजूही आहे. जेवण घटवलं आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या तेवढ्याच राहिल्या तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांनीही वजन उतरल्यावर उठताना चक्कर येऊ शकते. डोस कधी तपासायचा हे आधीच ठरवून घ्या.

आणि एक वेगळी धोक्याची घंटा. काहीही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं असेल, तर आनंद न मानता तपासणी करा.

दुसरी पायरी: लक्ष्य लहान ठेवा

लग्नाच्या फोटोतलं वजन हे लक्ष्य नसतं. आताच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, सहा महिन्यांत, एवढं पुरे. ८० किलोच्या माणसाला ४ ते ८ किलो. एवढ्यानं काय होणार, असं वाटत असेल तर अमेरिकेतला मधुमेह प्रतिबंधाचा मोठा प्रयोग बघा. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांपैकी ज्या गटाला ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे ध्येय दिलं होतं, त्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. साठीपुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. गुडघ्यांचा हिशेबही असाच आहे. संधिवात असलेल्यांच्या अभ्यासात कमी झालेल्या दर किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका झाल्याचं दिसलं.

वेग आठवड्याला पाव ते अर्धा किलो. पहिल्या आठवड्यात दोन किलो जातात ते बहुतेक पाणी असतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, दर ग्रॅमबरोबर तीनएक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा रिकामा झाला की ते निघून जातं. ‘सात दिवसांत तीन किलो’वाल्या जाहिराती याच पाण्यावर तरंगतात. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगानं वजन उतरत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि वयस्कर माणसाच्या स्नायूंवर व हाडांवर त्याचा भार पडतो तो वेगळाच.

तिसरी पायरी: आठ दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा

ही पायरी सगळे गाळतात. मीही दोनदा गाळली. १९९२ चा एक छोटा पण गाजलेला अभ्यास आहे. ‘आम्ही काहीच खात नाही तरी वजन हलत नाही’ म्हणणाऱ्यांचं खरं खाणं मोजलं, तेव्हा ते प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्के कमी सांगत होते आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं.

तर आठ दिवस तोंडात जाईल ते लिहा, किती वाजता तेही लिहा, आणि भूक होती की नव्हती ते एका शब्दात. उरलेलं वाया नको म्हणून संपवलेलं, स्वयंपाक करताना चाखलेलं, सगळं. माझ्या वहीत त्या आठवड्यात ‘भूक नव्हती’ हे अकरा वेळा आलं, त्यांतलं नऊ वेळा रात्री साडेनऊनंतर.

दुसरं एक काम याच आठवड्यात करा. तेलाच्या बाटलीवर पट्टी चिकटवून खूण करा, किंवा एक दिवस तेल मोजून बाहेर काढा. आम्ही पाच मिलिलिटरचा चमचा घेतला. माझ्या हाताला ‘थोडंसं’ वाटायचं ते सात चमचे निघालं. एका चमच्यात साधारण ४० ते ४५ कॅलरी. म्हणजे तीनशे कॅलरी कढईत पडत होत्या, आणि त्यांची चव कुणाच्या लक्षातही येत नव्हती. सात चमच्यांचे चार झाले तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही.

चौथी पायरी: ताट बदला, पण उपाशी राहू नका

रोज ३०० ते ५०० कॅलरी कमी, यापेक्षा जास्त ओढू नका. कागदावर किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणून रोज ५०० कमी केल्या तर आठवड्याला अर्धा किलो. प्रत्यक्षात शरीर खर्च कमी करत जातं आणि गणित हळूहळू मागे पडतं. तरी सुरुवातीला अंदाज घ्यायला ते ठीक आहे.

कुठून कमी करायच्या? आधी प्यायच्या गोष्टींतून. साखर घातलेली पेयं, रस, दारू. द्रव कॅलरींनी पोट भरल्यासारखं वाटत नाही. दारूत ग्रॅममागे ७ कॅलरी असतात, वर ती सोबत काहीतरी खायला लावते. मग तेल. मग पाकीटबंद पदार्थ. इथे केव्हिन हॉल यांचाच २०१९ चा प्रयोग मला पटतो. २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात बनलेलं तयार, आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्ही वेळा ताटात वाढलेल्या अन्नातली साखर, चरबी, तंतू, मीठ सारखं. हवं तेवढं खा, अशी मुभा. अतिप्रक्रियायुक्त अन्नावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. कुणी त्यांना आग्रह केला नव्हता.

ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव भाग प्रथिनांचा, पाव भाग धान्याचा. एवढं डोळ्यांनी जमतं, काट्याची गरज नाही.

प्रथिनांवर मात्र थांबून बोलायला हवं, कारण वजन उतरवताना पहिली कात्री नेमकी इथेच लागते. प्रौढांसाठी दर किलोमागे ०.८ ग्रॅम ही किमान गरज सांगितली जाते. वयस्कर लोकांसाठी तज्ज्ञगट १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, कारण वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांना स्नायू कमी दाद देतात. लठ्ठ माणसानं हिशेब गाठायच्या वजनावर करावा. ७२ किलोवर यायचं असेल तर दिवसाला ७२ ते ८६ ग्रॅम. अंड्यात ६ ग्रॅम. पेलाभर दुधात ६ ते ७. शंभर ग्रॅम शिजलेल्या डाळीत सुमारे ९. शंभर ग्रॅम मासा किंवा चिकन, २० च्या वर. बेरीज करून बघा. शाकाहारी माणसाचा आकडा पहिल्या दिवशी निम्म्यावर अडकतो. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचा अडकला. डाळी-कडधान्यं पातळ करून नाही तर घट्ट, वाटी भरून, त्यात दूध-दही किंवा सोयाबीनची भर, असं दर जेवणात २० ते ३० ग्रॅमपर्यंत पोचायचं. सगळं एकाच जेवणात कोंबून उपयोग नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा परिच्छेद वाचून काही बदलू नका. तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील.

ठरावीक तासांतच खाण्याच्या पद्धतीबद्दल सतत विचारलं जातं. कॅलरी सारख्याच ठेवल्या तर तिच्यात वेगळी जादू नाही. रात्रीचं चरणं थांबत असेल तर जरूर करा. दोन जेवणांत प्रथिनं पुरी पडत नसतील तर सोडून द्या.

जेवणाआधी अर्धा तास अर्धा लिटर पाणी हा उपाय ऐकायला आजीच्या बटव्यातला वाटतो. पण मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांवरच्या १२ आठवड्यांच्या एका प्रयोगात असं पाणी पिणाऱ्यांचं वजन न पिणाऱ्यांपेक्षा दोनेक किलो जास्त उतरलं होतं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर करून बघायला हरकत नाही.

पाचवी पायरी: ताकदीचा व्यायाम, आणि तो पहिल्या आठवड्यापासून

‘आधी चालून वजन कमी करतो, मग बघू’ हा क्रम उलटा आहे. चालण्यानं हृदय सुधारतं, मन सुधारतं, वजन टिकवायला तर चालणं लागतंच. पण कमी खाणं चालू असताना ‘हे स्नायू वापरात आहेत, यांना हात लावू नको’ हा निरोप शरीराला ताकदीचा व्यायामच देतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १६० लठ्ठ वयस्कर लोक होते, वय ६५ च्या वर. आहार घटवून नुसता चालण्यासारखा व्यायाम केलेल्यांचं चरबीविरहित वजन ५ टक्के गेलं. आहार घटवून ताकदीचा व्यायाम केलेल्यांचं २ टक्के, दोन्ही करणाऱ्यांचं ३ टक्के. रोजच्या हालचालींची क्षमता सगळ्यांत जास्त सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांची.

‘आता या वयात?’ याला उत्तर १९९० चं आहे. वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

जिम लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून:

खुर्चीवरून उठणं-बसणं. बसताना तीन आकडे मोजत, सावकाश. धपकन् बसलात तर अर्धा व्यायाम वाया. जमायला लागलं की छातीशी पाण्याची भरलेली बाटली धरा, मग पिशवी.

भिंतीला हात टेकून दंड. मग ओट्याला, मग पलंगाच्या कडेला. जेवढं खाली तेवढं जड.

जमिनीवरची पिशवी उचलणं. पाठ सरळ, कंबर मागे नेत वाकायचं, जोर मांड्या-नितंबांचा.

लवचीक पट्टा दाराच्या कडीला अडकवून दोन्ही कोपर मागे खेचणं. वाकलेल्या खांद्यांवर याच्याइतकं गुणकारी मला काही सापडलेलं नाही.

ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलणं, शेवटी एका पायावर दहा-वीस सेकंद उभं राहणं.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन ते तीन फेऱ्या. वजन एवढं हवं की शेवटी ‘अजून दोन निघाले असते, जास्त नाही’ असं वाटावं. वीस वेळा गप्पा मारत होत असेल तर ते हलकं आहे, वाढवा. जेमतेम एखाद्या पुस्तकाच्या वजनाचे गुलाबी डंबेल वर्षभर हलवत बसण्यात अर्थ नाही. उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. दोन दिवस अंग दुखणं ठीक. सांध्यात टोचलं किंवा छातीत दडपण आलं तर तिथेच थांबायचं. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, हृदयाचा त्रास असेल तर सुरुवात जाणकाराच्या देखरेखीखाली.

चालणं याच्या जोडीला: आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं. ६५ वर्षांपुढे जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगते. आणि दिवसभरातली बारीकसारीक हालचाल कमी लेखू नका. १९९९ मध्ये एका प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जादा खायला दिल्या. कुणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली, कुणाची चार किलोहून जास्त. फरक मुख्यतः उठबस, चुळबुळ, उभं राहणं यांत होता. फोन आला की उभं राहायचं, एवढा एक नियम मी लावून घेतला, आणि माझे फोन लांबतात.

झोपेबद्दल थोडक्यात

२०१० च्या एका छोट्या प्रयोगात त्याच माणसांनी, तेवढंच कमी खाऊन, एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास अंथरुणात काढले. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत त्यातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला. बाकीचे स्नायू वगैरे. रात्री घोरणं, मध्ये श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं असेल तर त्याची तपासणी आधी, डाएट नंतर.

काटा अडकतो तेव्हा

अडकतोच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. आधी खात्री करा की तो खरंच अडकलाय. मीठ, बद्धकोष्ठ, नवा व्यायाम, मासिक पाळी यांनी एक-दोन किलो सहज वरखाली होतात. रोजचा आकडा लिहा, पण पाहा फक्त आठवड्याची सरासरी. तीन-चार आठवडे सरासरी जागची हलली नाही आणि कंबरही तीच, तर तो खरा थांबा.

याचं कारण सरळ आहे: हलकं शरीर कमी जाळतं, थकलेलं शरीर कमी हलतं, आणि मापं पुन्हा सैल झालेली असतात. अशा वेळी आणखी उपाशी राहायचा मोह होतो. त्याऐवजी आठ दिवस पुन्हा सगळं लिहा, तेल पुन्हा मोजा. माझे चार चमचे परत सहावर गेले होते. सगळं चोख असेल तर मी दुसरं सुचवीन: इथेच महिना-दोन महिने थांबा. प्रत्येक चार-पाच किलोंनंतर मुद्दाम थांबून तेवढंच वजन राखायचा सराव करायचा. टिकवणं हे काम शिकायचं असेल तर ते पाच किलोंवर शिकणं स्वस्त पडतं.

टिकवण्याची पद्धत: हिरवा, पिवळा, लाल

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नुकतंच वजन उतरवलेल्या ३१४ जणांपैकी काहींना रोज वजन करून रंगाप्रमाणे वागायला शिकवलं. नुसती पत्रकं मिळालेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं वजन दीड वर्षात २.३ किलो किंवा जास्त परत आलं. प्रत्यक्ष भेटीगाठींतून हे शिकलेल्यांत ४६ टक्क्यांचं. कुणी म्हणेल ४६ म्हणजे काही कमी नाही. खरंय. हे काम तेवढंच अवघड आहे.

माझी आवृत्ती अशी. गाठलेल्या वजनापासून दीड किलोपर्यंत हिरवा: जसं चाललंय तसं चालू द्या. दीड ते सव्वादोन पिवळा: पुन्हा लिहायला लागा, रात्रीचं खाणं बंद, चालणं वीस मिनिटांनी वाढवा. त्यापुढे लाल: उतरवतानाचं ताट जसंच्या तसं परत आणा, हिरव्यात येईपर्यंत. दोन किलो उतरवायला महिना लागतो. नऊ किलो होऊ दिले की येरे माझ्या मागल्या.

वजन उतरवून झाल्यावर खाणं वाढवायचं ते एकदम नाही. दर आठवड्याला रोजच्या शंभर कॅलरी वाढवत काटा स्थिर होईल तिथे थांबा. ती जागा तुमच्या जुन्या खाण्यापेक्षा खालीच असणार. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून नंतर फसवलं गेल्यासारखं वाटतं. अमेरिकेत १९९४ पासून वजन टिकवणाऱ्यांची एक नोंदवही ठेवली जाते. किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर राखलेलेच तिच्यात येतात. त्यांतल्या बहुतेकांत दिसणाऱ्या सवयी कंटाळवाण्या आहेत: दिवसाला सुमारे तासभर व्यायाम, आठवड्याला किमान एकदा वजन, सकाळचं खाणं, टीव्हीपुढे कमी वेळ.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल विचारणारच. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या भूक घटवणाऱ्या औषधाच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी जवळजवळ १५ टक्के वजन उतरलं. औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे हे रक्तदाबाच्या गोळीसारखं, दीर्घकाळ घ्यायचं औषध समजून निर्णय घ्यावा लागतो. भूक मरते तेव्हा प्रथिनंही पोटात जात नाहीत, म्हणून ते घेणाऱ्याला चौथी आणि पाचवी पायरी जास्तच लागू. घेणं कमीपणाचं नाही, आणि ते डॉक्टरांशिवाय मागवणं शहाणपणाचं नाही.

सत्तरीनंतर मी लक्ष्यच बदलायला सांगतो. तिथे काटा स्थिर आणि खुर्चीचा आकडा वर, एवढं झालं तरी भरपूर. त्या वयात गुडघे, साखर किंवा श्वास यांसाठी डॉक्टरांनी सांगितलं तरच वजन उतरवायला घ्या, तेही ताकदीच्या व्यायामासकट.

मागच्या पावसाळ्यात मला आठ दिवस ताप होता. उठलो तेव्हा वजन पावणेदोन किलोंनी कमी. जुना मी खूश झालो असतो, खरं तर क्षणभर झालोही. मग खुर्ची भिंतीला लावली. एरवी पंधरा वेळा उठणारा मी अकराव्याला थांबलो. त्या दिवशी वहीत वजनापुढे कुठलाच रंग लिहिला नाही. दर जेवणात प्रथिनं वाढवली, ताप जाऊन आठवडा झाल्यावर निम्म्या वजनानं व्यायाम सुरू केला. सहा आठवड्यांनी परत पंधरा झाले. तोवर काट्यावर दीड किलो परत आलं होतं, आणि तेवढं ते यायलाच हवं होतं.